फ्रिजवरचा कागद

"डाळ खाल्ली की क्रिएटिनिन वाढतं ना हो मॅडम?" क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा, किडनी दुबळी झाली की तो साठतो. किडनीच्या रुग्णांचा आहार ठरवताना हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतोच. या वेळी विचारणाऱ्या सूनबाईंच्या आवाजात थोडा अभिमानही होता. "आईंना मी दोन वर्षं डाळीला हात लावू दिला नाही."

आई शेजारीच बसलेल्या. बासष्टीच्या, गळ्यात तुळशीची माळ, चार महिन्यांपासून आठवड्याला तीनदा डायलिसिस. डाव्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेली रक्तवाहिनी, म्हणून बांगड्या फक्त उजव्या हातात. पदर सावरायला त्यांनी हात वर केला आणि बांगड्या घसरत पार कोपराशी गेल्या. काट्यावर वजन मात्र जुनंच, ५० किलो. मांस झडतं, त्या जागी पाणी साठतं, आणि काटा फसवतो.

दिवसभराचं खाणं विचारलं. दोन भाकऱ्या, दुधीची भाजी, मूठभर भात, दोनदा चहा. प्रथिनं जेमतेम २० ग्रॅम.

"डाळ बंद करा असं कुणी सांगितलं?"

सूनबाईंनी पर्समधून प्लास्टिकमध्ये घातलेला कागद काढला. फ्रिजवर चिकटवलेला असायचा म्हणे. अक्षर माझंच. दोन वर्षांपूर्वी, डायलिसिस नव्हतं तेव्हा, मी लिहिलं होतं: डाळ मोजून. घरात 'मोजून'चं 'बंद' व्हायला वेळ लागत नाही. पण डायलिसिस सुरू झालं की हा कागद फाडून टाका, हे मी लिहायला हवं होतं. लिहिलं नव्हतं.

त्या वेळी दर किलो वजनामागे ०.६ ते ०.८ ग्रॅम प्रथिनं ठीक होती, म्हणजे त्यांना ३० ते ४० ग्रॅम. प्रथिनांचा कचरा दुबळ्या किडनीला झेपत नाही, म्हणून तो हात आखडता. आता कचरा मशीन काढतं, पण त्याबरोबर प्रथिनांचे घटक, अमिनो आम्लंही वाहून जातात. म्हणून किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ५० ते ६०. आणि क्रिएटिनिन मुख्यतः आपल्याच स्नायूंतून येतं, डाळीतून नाही. यांचं थोडं उतरलं म्हणून घरी आनंद झाला होता. मला बांगड्या दिसत होत्या.

सगळ्यात सोपा उपाय अंड्याचा पांढरा भाग. एकात साडेतीन ग्रॅम प्रथिनं, आणि किडनीच्या रुग्णांत साठणारा फॉस्फरस नगण्य. पण माळकरी घरात ते सुचवायचं तरी कसं? मग बसलो मोजत. पातळ आमटीत पाणी जातं आणि पाण्यावर तर बंधन, म्हणून वरण घट्ट. डाळ भिजवून ते पाणी ओतून द्यायचं, पोटॅशियम (तेही साठतं) थोडं कमी होतं. घरचं पनीर ५० ग्रॅम, मीठ न घालता. अन्नातला फॉस्फरस अडवणारी गोळी जेवता जेवताच, नंतर आठवली म्हणून नाही. आणि पिठल्याऐवजी झुणका, कोरडा. एवढं ऐकून आई पहिल्यांदा बोलल्या, "झुणका चालतो? लसूण घालून?"

चालतो म्हटलं. मीठ बेतानं.

तीन महिन्यांनी रक्तातलं प्रथिन, अल्ब्युमिन, ३.० वरून ३.४ झालं. बांगड्या मनगटापासून चार बोटांवर थांबत होत्या. सूनबाईंनी नव्या कागदाची झेरॉक्स काढून आणली होती, शेजारच्या काकांसाठी. त्यांचं क्रिएटिनिन साडेतीन, डायलिसिस अजून नाही.

मी झेरॉक्स सूनबाईंच्या हातातून काढून घेतली. "काकांना रिपोर्ट घेऊन बुधवारी पाठवा."