अमेरिकेत आरव्हीतच संसार मांडला तर लोक कसे बघतात?

भावा, तुझा प्रश्न थोडक्यात असा: एच-१बी व्हिसावर नोकरी लागलीय, तिकडं खोलीचं भाडं रग्गड आहे, म्हणून जुनी आरव्ही (आत पलंग, स्वयंपाकघर, संडास असलेली गाडी) घेऊन कायमचं तिच्यातच राहायचं, लोक नावं ठेवतील का? ठेवतील. पण किती, ते गाडी कुठं उभी आहे आणि दिसते कशी यावर ठरतं. आणि व्हिसावाल्याला लोकांच्या बोलण्यापेक्षा कागद जास्त नडतात.

आधी लोकांचं. गाडीत राहणाऱ्यांतही तिथं उतरंड आहे. वर निवृत्त जोडपी: बसएवढी 'क्लास ए' गाडी, मागं टोचन करून छोटी कार, थंडीत मुक्काम ॲरिझोना नाहीतर फ्लोरिडाला. त्यांचं कौतुक होतं. काही रिसॉर्ट तर क्लास ए सोडून दुसरी गाडी आत घेतच नाहीत. मधे व्हॅनमध्ये राहून लॅपटॉपवर काम करणारी पोरं. तळाला रस्त्याकडेची, छतावर ताडपत्री बांधलेली जुनी गाडी. तिच्यातला माणूस रोज कामावर जात असला तरी त्याला बेघरच धरतात. आपल्याकडं ऊसतोडीच्या खोपीकडं बघतात, तीच नजर.

ही नजर नुसत्या कुजबुजीवर थांबत नाही, नियमात उतरते. कॅलिफोर्नियात एकाच जागी ७२ तासांपेक्षा जास्त उभी असलेली गाडी उचलून न्यायची मुभा शहरांना आहे. पुष्कळ ठिकाणी मोठ्या गाड्यांना रात्रीची पार्किंगबंदी आहे. बंगल्यांच्या बऱ्याच वसाहतींत तर स्वतःच्या दारातसुद्धा आरव्ही ठेवू देत नाहीत. त्यात २०२४ मध्ये ग्रँट्स पास या गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की सार्वजनिक जागेत मुक्काम टाकणाऱ्याला शहरानं दंड केला तर ती घटनेत मनाई असलेली क्रूर शिक्षा ठरत नाही. त्यामुळं 'रस्त्यावर कुठंतरी लावीन' हा बेत डोक्यातून काढ. सरकारी मोकळ्या जमिनीवर फुकट राहता येतं, पण बहुतेक ठिकाणी २८ दिवसांत १४ दिवसच, आणि ती जमीन तुझ्या ऑफिसजवळ असायची नाही.

मग राहिला आरव्ही पार्क, म्हणजे भाडं भरून गाडी लावायची आणि वीज-पाणी जोडून राहायची जागा. इथं अडतं ते 'दहा वर्षांच्या नियमा'वर. बरीच पार्क दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी घेत नाहीत, किंवा आधी फोटो मागतात. पैसे वाचवायला स्वस्तातली जुनी गाडी घेशील आणि तिला जागाच मिळणार नाही, असं व्हायला वेळ लागत नाही. महिन्याच्या भाड्यात वीज बहुतेकदा धरलेली नसते, मीटरप्रमाणं वेगळी द्यावी लागते. सलग किती दिवस राहू देतात तेही विचार. बरेच मालक मुद्दाम मर्यादा घालतात, कारण जास्त राहिलं की भाडेकरूचे हक्क लागू होऊ शकतात.

आता कागद, कारण खरी गोची इथं आहे. गाडीत राहणारे अमेरिकन लोक टेक्सास, फ्लोरिडा किंवा साऊथ डकोटात टपाल पुढं पाठवणाऱ्या संस्थेचा पत्ता घेतात, कारण तिथं राज्याचा आयकर नाही. त्यांचं बघून तू तसंच केलंस तर फसशील. तुझा पगार ज्या राज्यात बसून काम करतोस तिथला धरतात. कॅलिफोर्नियात बसून काम केलंस तर कर कॅलिफोर्नियालाच. राहता पत्ता बदलला की दहा दिवसांत इमिग्रेशन खात्याला कळवायचा एआर-११ फॉर्म भरावा लागतो, म्हणजे जागा बदलत फिरलास तर दरवेळी तेच. घरून काम असेल तर आणखी कडक: व्हिसाच्या अर्जात मंजूर झालेल्या कामाच्या भागाबाहेर गाडी नेऊन तिथून काम करायचं तर सहसा कंपनीला आधी व्हिसाचा दुरुस्त अर्ज करावा लागतो. बँकही नुसत्या टपालपेटीच्या पत्त्यावर खातं उघडत नाही, राहता पत्ता मागते.

आणि एक सापळा. पार्कात 'वर्ककँपिंग' चालतं: गेटवर बसायचं, झाडलोट करायची, बदल्यात जागा फुकट. एच-१बीवाल्यानं त्याच्या वाटेला जायचं नाही. पैसे हातात आले नाहीत तरी फुकट जागा हा मोबदलाच, म्हणजे विनापरवाना नोकरी.

विमा घेताना 'फुलटाइमर', म्हणजे गाडीत कायम राहणाऱ्याची पॉलिसीच माग. साधी पॉलिसी सुट्टीतल्या वापरापुरती असते. कायम राहतोस हे लपवलंस तर क्लेम नाकारायला निमित्त मिळतं. काही गाड्यांची वॉरंटीही कायम राहण्याला लागू नसते. कर्ज देणारे तर फुलटाइमर म्हटलं की हात आखडतात.

शेजाऱ्यांचं मत मात्र तुझ्या हातात आहे, आणि ते सांडपाण्यावर ठरतं. संडासाच्या, म्हणजे ब्लॅक टाकीचा व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवायचा नाही. पाणी निघून जातं आणि घट्ट माल तळाशी थर धरतो, मग टाकी तुंबते. दोन तृतीयांश भरली की ती आधी सोडायची, मागून आंघोळ-भांड्यांच्या ग्रे टाकीचं पाणी सोडायचं, म्हणजे पाइप धुऊन निघतो. पाइप तीन इंची. जोडाचं रबर सुटं बाळग. पिण्याच्या पाण्याचा होज वेगळा, तो या कामाला चुकूनही लावू नकोस.

स्वयंपाकाचं गणित: ३० अँपियरच्या जोडणीवर १२० व्होल्टनं ३,६०० वॅट मिळतात. एसी १,५०० आणि इंडक्शन १,८०० वॅट धरलं तरी ३,३०० झाले. वर पाणी तापवायचा गिझर लावलास की ब्रेकर पडलाच. गाडीतल्या शेगडीचा गॅस, प्रोपेन, जळताना वाफही सोडतो. रस्सा शिजताना छतावरचा पंखा आणि एक खिडकी उघडी ठेव, नाहीतर थंडीत गादीखाली बुरशी धरते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म काढून ठेवू नकोस. तांबड्या रश्श्याची फोडणी बाहेर देणार असशील तर शेजारची गाडी हाकेच्या अंतरावर असते हे ध्यानात ठेव. मिरचीचा ठसका त्यांना झेपत नाही.

आपली मराठी माणसं? ती पहिल्यांदा 'घर घेतलं का?' विचारतात. गाडीत राहतो म्हटलं की निम्म्यांना फिरस्तीचा हेवा वाटेल, निम्मी नोकरी गेली का विचारतील. कोल्हापुरात स्थळ बघणं चालू असेल तर तेवढं आईला आधी समजावून ठेव.

माझं स्पष्ट मत: पहिलं वर्ष खोली भाड्यानं घे. कुणाबरोबर तरी भागीत घे, पण करारावर तुझं नाव असू दे. त्यावर लायसन्स, बँक, क्रेडिट (कर्जासाठीची पत) उभं राहील. मग ऑफिसच्या पट्ट्यातली पार्क बघ, जागा पक्की कर आणि त्यांना चालेल अशी गाडी त्यानंतर घे. उलट क्रमानं नको.