ठेव मोडण्याआधी पात्रतेचा नियम वाचा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत धावते. पदवी मे २०२६ मध्ये हातात येईल. ऑगस्ट २०२७ मध्ये दक्षिण कोरियात चुंगचोंगला होणाऱ्या जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेपर्यंत ती ‘विद्यार्थिनी’ राहावी, म्हणून निवृत्तीसाठी राखलेली मुदत ठेव मोडून तिला आणखी एका अभ्यासक्रमाला घालायचा तुमचा विचार आहे.

ठेव मोडू नका. ज्यासाठी मोडताय, त्याची बहुधा गरजच नाही. ही स्पर्धा भरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय विद्यापीठ क्रीडा महासंघाच्या, म्हणजे फिसूच्या नियमात, स्पर्धेच्या आदल्या वर्षी पदवी घेतलेले खेळाडूही बसतात. २०२६ ची पदवी २०२७ ला चालते. वयाची अट स्पर्धेच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला १८ ते २५. तिचा जन्म नोव्हेंबर २००२ चा, म्हणजे बसते, पण अगदी काठावर. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडून हे लेखी घ्या. अभ्यासक्रम तिला मनापासून शिकायचा असेल तर गोष्ट वेगळी, पण मग त्याचा हिशेब नोकरीच्या अंगाने मांडू.

स्पर्धेतला प्रवेश पैसे भरून मिळत नाही. देशाच्या विद्यापीठ क्रीडा संघटनेने निवडलं तरच नाव जातं. पदक मिळालं तरी त्यासोबत बक्षिसाची रक्कम नसते. म्हणून याला गुंतवणूक म्हणू नका, खर्च म्हणा, आणि आनंदाने करा. याच स्पर्धेत १९७९ साली मेक्सिको सिटीत पिएत्रो मेनेआ २०० मीटर १९.७२ सेकंदांत धावला आणि तो विश्वविक्रम १९९६ पर्यंत टिकला. तिथे धावायला मिळणं किती मोठं आहे, हे मी जाणतो.

सरावाचा खर्च महिन्याच्या बचतीतूनच करा, त्याला मर्यादा घाला आणि सहा महिन्यांचा जादा धरा. तारखा सरकतात: चेंगडूची २०२१ ची स्पर्धा २०२३ ला झाली, ल्युसर्नची हिवाळी स्पर्धा तर ऐनवेळी रद्द झाली. निवड झाली की विमानभाडं, तिथलं दिवसाचं सहभाग शुल्क आणि पोशाख कोण भरणार ते संघटनेला विचारा. कमी पडलंच तर ठेवीवर कर्ज काढता येईल. आरोग्य विम्यात स्पर्धेतली दुखापत धरली आहे का, तेही याच आठवड्यात बघा.

आणि ताई, तळ सुटलेले स्पाइक्स ती चिकटवून वापरते असं तुम्ही लिहिलंय. ते या पगारातच बदला.