तिकिटावरचे षट्कोनी दगड

प्रश्न : जुन्या अल्बममध्ये पाकिटाच्या तुकड्याला चिकटलेलं एक तिकीट मिळालं. एकमेकांना खेटून बसलेले षट्कोनी दगड, कोपऱ्यात राणीचं डोकं आणि ‘टू-एन-डी’ ही अक्षरं. देशाचं नाव कुठेच नाही. हे कुठलं? दगड कुणी घडवलेत? आणि याचे किती येतील?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाव नाही, हाच पुरावा. चिकटवायचं तिकीट १८४० मध्ये ब्रिटनने पहिल्यांदा काढलं. त्या तोऱ्यात ते आजही देशाचं नाव छापत नाहीत, राजाराणीचं डोकं पुरतं. तुमचं तिकीट उत्तर आयर्लंडच्या मालिकेतलं आणि दगड अँट्रिम किनाऱ्यावरच्या जायंट्स कॉजवेचे, म्हणजे ‘राक्षसाच्या वाटे’चे. ‘टू-एन-डी’ म्हणजे सेकंड क्लास, तिथली स्वस्तातली, जरा सावकाश पोचणारी टपालसेवा. रक्कम छापलेली नसल्याने दर वाढले तरी तिकीट चालायचं.

आता भिंग घ्या. चित्र थेट दात्यांपर्यंत गेलंय की भोवती पांढरी चौकट आहे? चौकट नसेल तर २००१ ची मूळ मालिका. असेल तर ऑक्टोबर २००३ किंवा त्यानंतरची. दोन्ही उभ्या कडांवर गोल छिद्रांच्या रांगेत एकच लांबट छिद्र दिसेल. ते बनावट तिकिटांना आळा घालण्यासाठी.

दगड माणसांनी छिन्नीने घडवले का, हा वाद सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपर्यंत गेला होता, तेव्हा तुमची शंका काही भाबडी नाही. स्थानिक लोक श्रेय फिन मॅककूल या राक्षसाला देतात. स्कॉटलंडला लढायला जाण्यासाठी म्हणे त्याने हा रस्ता बांधला! खरं काम लाव्ह्याचं. सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी तो साचला, थंड होताना आकसला आणि वाळत्या तळ्यातल्या चिखलासारखा तडकला. तडे जिथे मिळतात तिथे साधारण १२० अंशांचे कोन झाले की ताण सगळीकडे सारखा सुटतो, म्हणून सहा बाजूंचे खांब जास्त. पाच-सात बाजूंचेही आहेत. तडे थंड पृष्ठभागाकडून आत सरकत गेले आणि सुमारे ४०,००० खांब उभे राहिले.

यासाठी आयर्लंडलाच जायला हवं असं नाही. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी याच जातीच्या काळ्या कातळाची, म्हणजे बसाल्टची, सुमारे ६० मीटर उंच. इमारतींनी तिला पार घेरलंय, हे मात्र पाहवत नाही. समुद्रातच बघायचे असतील तर उडुपीजवळच्या माल्प्याहून होडीने सेंट मेरी बेटावर जा. तिथले खांब सरसकट बसाल्टचे सांगितले जातात, पण तो खडक जास्त सिलिका (वाळूतला मुख्य घटक) असलेला, वेगळा आहे.

पैशांचं म्हणाल तर फार आशा धरू नका, वापरलेलं असं तिकीट स्वस्तातच मिळतं. पण ते पाण्यात घालायची घाई नको. आधी तुकड्यावरचा शिक्का वाचा. कॉजवेच्या जवळचं गाव बुशमिल्स; ते नाव स्पष्ट उमटलं असेल तर तिकीट सोडवू नका, तुकड्यासकट ठेवा.