फोर्क: फाटा की फूट?

ऐरोलीहून एका आयटीतल्या वाचकाचा प्रश्न आहे: 'ओपन सोर्स प्रकल्प फोर्क होतो, याला मराठीत काय म्हणायचं? आमच्या गटाने वापरकर्त्यांना मराठीत निवेदन पाठवलं, त्यात "प्रकल्पात फूट पडली आहे" असं लिहिलं, तर लोक घाबरून सॉफ्टवेअर काढून टाकू लागले. "शाखा" म्हणावं का?'

घाबरणारच. फोर्क म्हणजे एखाद्या प्रकल्पाचा सगळ्यांना खुला असलेला कोड घेऊन तो वेगळा चालवणं. फूट पडते ती पक्षात नाहीतर भावकीत, आणि ती पडली की पुढे कोर्टकचेरी. तरी हल्ली ज्याला त्याला 'फूट' चिकटवायची सवय लागली आहे. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर 'फोर्क'चं बटण दाबून घेतलेली साधी प्रतसुद्धा काही जण 'फूट' म्हणतात! तिला प्रत म्हणा. बहुतेक वेळा ती मूळ प्रकल्पाला दुरुस्ती पाठवण्यासाठीच घेतलेली असते.

'शाखा' बाद. ती गिटमधल्या (कोडमधले बदल सांभाळणाऱ्या साधनातल्या) ब्रँचसाठी राखून ठेवा. बँकेची शाखा मुख्यालयाच्या हुकमात असते, फोर्क कोणाच्या हुकमात नसतो. 'द्विभाजन' सुचवणाऱ्या परिभाषाकारांनी अमीबा पाहिला असावा, परवाना वाचलेला नाही. कोडची वाटणी होतच नाही. दोन्ही बाजूंना सगळा कोड मिळतो, म्हणून 'वेगळी चूल'ही नेमकं नाही. वाटले जातात ते माणसं, नाव, डोमेन, सर्व्हर आणि सॉफ्टवेअरच्या पॅकेजवर डिजिटल सही करायच्या किल्ल्या.

शब्द आहे 'फाटा'. नवी मुंबईकरांना तो शिकवायला नको. उरण फाट्यावर उतरलेला माणूस उरणमध्ये नसतो, फाट्याला नाव मिळतं ते रस्ता जिथे जातो त्या गावाचं. फोर्कलाही निघाल्या रस्त्याचं नाव मिळत नाही, ट्रेडमार्क आड येतो. 2010 मध्ये ओपनऑफिसमधून निघालेल्यांनी 'लिबरऑफिस' हे नाव आधी तात्पुरतं म्हणूनच घेतलं होतं. जुनं नाव त्याची मालक ओरॅकल कंपनी देईल ही आशा होती, ते मिळालं नाही. शिवाय फाटा पुढे हमरस्त्याला परत मिळू शकतो. जीसीसी या कंपायलरमधून 1997 मध्ये निघालेला ईजीसीएस 1999 मध्ये स्वतःच अधिकृत जीसीसी ठरला. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडपासून 2014 च्या डिसेंबरात वेगळा झालेला आयओ.जेएस 2015 मध्ये नोड 4 मध्ये परतला.

क्रियापद मात्र जपून. 'प्रकल्पाला फाटा दिला' म्हणजे प्रकल्प सोडून दिला. 'फाटे फोडले' म्हणजे नसत्या शंका काढल्या. बरोबर रूप 'फाटा फुटला'.

आणि खरी गंमत या 'फुटण्या'त आहे. संस्कृत धातूंच्या यादीत, धातुपाठात, 'स्फुट विकसने' आहे आणि 'स्फुटिर् विशरणे'ही आहे. एक उमलणं, दुसरं ठिकऱ्या होणं. मराठीने दोन्ही सांभाळले, पालवी फुटते आणि कपही फुटतो. त्याच कुळातलं विशेषण 'स्फुट', म्हणजे उघड, स्पष्ट. म्हणून वाचा फुटते, चर्चेला तोंड फुटतं, बातमी फुटते आणि परीक्षेचा पेपरही फुटतो. माझं तर ठाम मत आहे की फुटण्याच्या पोटातच सांगणं आहे. वेगळं होण्याचं कारण आधी स्फुट केलं की पालवी, बातमी आधी फुटली की ठिकऱ्या. (याच कुळात 'फितूर' ओढून आणणाऱ्यांनी कृपया थांबावं. तो अरबी 'फुतूर', फारसीच्या वाटेने आलेला. इतिहासातल्या फितुरीला संस्कृत धातू चिकटवून काही साधत नाही.)

व्याकरणही दोष वाटून देतं. 'फूट पडली'त ती पाडणारा दिसत नाही, ही बातमीदाराची सोय. 'फूट पाडली' म्हटलं की कोणीतरी आरोपी झाला. 'अमक्यातून तमका फुटला' म्हणताना 'अमका' मूळ ठरवून मोकळे झालात. हडसन या सॉफ्टवेअर-बांधणीच्या साधनाच्या नावावर ओरॅकलने हक्क सांगितल्यावर 2011 च्या जानेवारीत 214 विरुद्ध 14 मतांनी 'जेन्किन्स' हे नाव ठरलं. ओरॅकलच्या लेखी जेन्किन्स हा फोर्क, जेन्किन्सवाल्यांच्या लेखी तेच मूळ आणि फोर्क झाला तो हडसन. अशा ठिकाणी पंचमी वापरलीत की बाजू घेतलीत. निवेदनात पंचमीऐवजी तारीख आणि कमिटचा (कोडमधल्या बदलाच्या नोंदीचा) क्रमांक लिहा, वाद घालायला जागा उरत नाही.

तर ऐरोलीकरांनो, मजकूर असा ठेवा: 'अमुक तारखेच्या अमुक कमिटनंतर आम्ही हा प्रकल्प तमुक नावाने चालवत आहोत. कारण एका वाक्यात हे. परवाना तोच, मूळ लेखकांच्या कॉपीराइट नोंदी कायम. आमच्या दुरुस्त्या मूळ प्रकल्पालाही पाठवू. निर्णय घेणारी माणसं ही, सुरक्षेतली त्रुटी कळवण्याचा पत्ता हा. जुन्या नावाच्या पॅकेजमध्ये आमच्या दुरुस्त्या येणार नाहीत. नव्या सहीची किल्ली अशी पडताळा.' शेवटची दोन वाक्यं गाळली, तर लोक महिनोन्‌महिने जुनंच पॅकेज अपडेट करत बसतात, किंवा सही जुळत नाही म्हणून नव्यालाच व्हायरस समजतात.

'फोर्क' तसाच ठेवायचा असेल तरी हरकत नाही. पुल्लिंगी चालवा, तो फोर्क, हे फोर्क. फक्त 'काटा' नको. 'प्रकल्पाला काटा मारला' म्हटलंत, तर वाशीच्या मार्केटातला माणूस वजन तपासून मागेल.