पट्टी अर्धी झाली की दुकान गाठा

नुकतंच ल्युपसचं (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते, त्या आजाराचं) निदान आणि त्यात कोविडसारख्या साथीची धास्ती, म्हणजे घाबरणं आलंच. पण प्रतिकारशक्ती दाबली जाईल या भीतीपोटी स्टेरॉइड एकदम बंद करू नका. शरीराला स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे नैसर्गिक स्टेरॉइड, पुन्हा बनवायला वेळ लागतो. डोस कमी करायचा तो डॉक्टरांना विचारूनच.

२०२० मध्ये कोविडवर चालेल म्हणून लोकांनी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन उचललं आणि आम्हा ल्युपसवाल्यांची ही रोजची गोळी दुकानांतून गायब झाली. पट्टीतल्या उरलेल्या सात गोळ्या मी रोज मोजायचे (मोजून वाढतात थोड्याच!). तेव्हापासून पट्टी अर्धी झाली की दुकान गाठते.

औषधांची यादी पाकिटात ठेवा. आणि ‘दिसता तर ठणठणीत!’ म्हणणाऱ्यांना सरळ सांगा, ‘माझी प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे, मास्क लावून या.’ ओशाळू नका. मला हे वाक्य बोलायला दोन वर्षं लागली.