प्रश्न तुमचे: एमबीएची तयारी कधीपासून?

प्रश्न: मी म्हापशात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एमबीएची तयारी आतापासूनच करणे घाईचे ठरेल का?

उत्तर: मुळीच नाही. कॅट ही एमबीएची प्रवेश परीक्षा साधारणपणे नोव्हेंबरच्या अखेरीस होते आणि तिचे अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरात भरावे लागतात. म्हणजे पदवीनंतर लगेच प्रवेश हवा असल्यास ती शेवटच्या वर्षात असतानाच द्यावी लागते. आपल्या गोव्यातील साखळी येथील गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटही कॅटचे गुण स्वीकारते. अनेक आयआयएम (भारतीय व्यवस्थापन संस्था) दहावी, बारावी व पदवीचे गुणही विचारात घेतात, म्हणून शिकवणीच्या नादात (हे सर्रास घडते) महाविद्यालयाकडे दुर्लक्ष करू नये. आधी नोकरी करायची असल्यास जीमॅट या एमबीएच्या दुसऱ्या प्रवेश परीक्षेचा विचार करावा, कारण तिचे गुण 5 वर्षे ग्राह्य असतात.