टनेल कापण्यापूर्वी चॅसी क्रमांक कुठे आहे ते पाहा

आपल्या जुन्या पोलारिस स्नोमोबाइलचा (बर्फावर चालणाऱ्या गाडीचा) 121 इंचांचा ट्रॅक, म्हणजे तिला पुढे ढकलणारा रबरी पट्टा, काढून लांब ट्रॅक बसवायचा आहे, मागच्या बाजूला तडे गेल्यामुळे संपूर्ण टनेलच (ट्रॅकवर उलट्या पन्हाळीसारखा असणारा पत्र्याचा सांगाडा) घरी पत्रा वाकवून नवे करण्याचा विचार आहे, आणि नोंदणी कार्यालयाने फोनवर "टनेल हा सुटा भाग आहे, कळवण्याची गरज नाही" असे सांगितले आहे, असे आपण लिहिले आहे. जवळजवळ याच शब्दांत मलाही सांगण्यात आले होते आणि त्यानंतरचा अख्खा हिवाळा माझी गाडी गॅरेजात ताडपत्रीखाली पडून होती. म्हणून उत्तर थोडे सविस्तर लिहीत आहे. सस्पेन्शन कसे उतरवायचे, चेनकेस (साखळीची पेटी) कशी उघडायची हे आपणास येत असणारच, त्यामुळे त्यात शिरत नाही.

बहुतेक स्नोमोबाइलचा सतरा अक्षरी चॅसी क्रमांक टनेलच्या उजव्या बाजूला, पायदानाच्या वरच्या भागात ठोकलेला किंवा पट्टीवर लावलेला असतो. इंजिनाचा क्रमांक वेगळा असून तो क्रँककेसवर असतो, पण कागदोपत्री गाडीची ओळख म्हणजे टनेलवरचा क्रमांक. म्हणजे जो पत्रा आपण भंगारात टाकायला निघाला आहात, तोच कायद्याच्या दृष्टीने आपली गाडी आहे. हँडल, हूड, स्की, सायलेन्सर, सीट, अगदी इंजिनसुद्धा बदलले तरी गाडी तीच राहते. टनेल बदलले की ती कोणाची, हा प्रश्न उभा राहतो.

घरी नवे टनेल बनवण्याचे माझे काम उत्तम झाले होते, हे जरा अभिमानानेच सांगतो. पुढे गाडी विकायचे ठरले आणि नाव बदलून घेण्यासाठी खरेदीदार कार्यालयात गेला, तेव्हा खिडकीवरील बाईंनी क्रमांकाचा फोटो मागितला. नव्या टनेलवर अर्थातच काही नव्हते. कापलेला तुकडा मी जपून ठेवला होता, तो कापडात गुंडाळून घेऊन गेलो. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला, कडेवरच्या करवतीच्या खुणांवरून बोट फिरवले आणि गाडीपासून सुटा झालेला क्रमांक आम्ही ग्राह्य धरत नाही, असे सांगितले. मग हाच तुकडा नव्या टनेलवर रिव्हेट करू का, असे विचारले तर म्हणाल्या की ते पोलिसांना विचारा. पोलिसांचे म्हणणे, नोंदणी कार्यालयाने लेखी सांगितल्याखेरीज आम्ही तपासणी करत नाही. कार्यालयाला त्यासाठी उत्पादकाचे किंवा अधिकृत विक्रेत्याचे पत्र हवे होते, आणि विक्रेता आपल्या दुकानात बसवलेल्या टनेलपुरतेच पत्र देत होता. फोनवर मला नेमके कोणी सांगितले होते, याची नोंद कोणाकडेच नव्हती. या टोलवाटोलवीत हेलपाटे घालून घालून खरेदीदार गेला, विमा कंपनीने क्रमांक जुळेपर्यंत संरक्षण स्थगित केले, आणि अखेर ज्या अर्जाने प्रश्न सुटला तो अर्ज त्याच खिडकीच्या मागच्या कपाटात पहिल्या दिवसापासून होता. घरी बांधलेल्या वाहनांसाठी राज्याकडून नवा क्रमांक मिळण्याचा तो अर्ज होता. पत्र्याच्या खरेदीची पावती, काम चालू असतानाचे फोटो आणि जुना तुकडा एवढ्यावर तपासणी उरकली. अमेरिकेतले कुठले राज्य ते मुद्दाम लिहीत नाही, कारण नियम राज्यागणिक बदलतात. मी वकीलही नाही. आपल्याकडचे नियम आपणच लेखी विचारून घ्यावेत. "लेखी" या शब्दाखाली दोन रेघा ओढाव्यात असे मला वाटते. क्रमांकाचा तुकडा परस्पर दुसऱ्या टनेलवर लावणे किंवा घरी ठोकणीने क्रमांक उमटवणे मात्र कोणी कितीही सुचवले तरी करू नये, कारण अनेक ठिकाणी तो सरळसरळ गुन्हा ठरतो.

यावरून माझे ठाम मत असे झाले आहे की, गरज नसेल तर संपूर्ण टनेल बदलूच नये. आपले तडे मागच्या बाजूला आहेत आणि लांब ट्रॅकसाठी वाढही मागेच लागणार आहे; मग क्रमांक असलेला पुढचा भाग जागच्या जागी ठेवून त्याच्या मागे कापावे आणि नवा भाग जोडावा. काही जण याला ठिगळ म्हणून नाक मुरडतील. पण नीट केलेला जोड या कामाला पुरेसा मजबूत असतो, आणि कागद शाबूत राहतात. जिथे कापणे नाही, तिथे तड्याच्या टोकाला लहान भोक पाडून तो पुढे सरकण्यापासून थांबवावा व वर पट्टी लावावी.

पत्रा 5052-एच32 अॅल्युमिनिअमचा घ्यावा. दुकानदार 6061-टी6 अधिक मजबूत म्हणून गळ्यात मारतात. ते मजबूत आहे हे खरे, पण घट्ट वाकवले की बाहेरच्या अंगाला केसासारखे तडे जातात आणि ते न जाण्यासाठी वाकाची त्रिज्या जाडीच्या तीनचार पट ठेवावी लागते, जी टनेलच्या कोपऱ्यात चालत नाही. जोड वेल्डिंगने करण्याच्या मी विरोधात आहे, कारण वेल्डच्या लगतचा पत्रा उष्णतेने मऊ पडतो आणि टनेलला सतत धक्के बसतात, तेव्हा नेमका तिथूनच तो फाटतो. त्याऐवजी दुहेरी पट्टी घेऊन तिरपी मांडणी असलेल्या दोन ओळींत 3/16 इंची स्ट्रक्चरल रिव्हेट मारावेत, भोक 11 नंबरच्या ड्रिलने पाडावे, आणि भोकाचे केंद्र कडेपासून किमान 3/8 इंच आत असावे. रिव्हेटचे डोके टनेलच्या आत आणि शेपूट बाहेर येईल असे मारावे. उलटे मारले तर शेपटाची टोके ट्रॅकच्या वाटेत येतात. आधाराला लोखंडी पट्टी वापरण्याचा मोह होतो, तो टाळावा. ट्रेलरवरून नेताना रस्त्यावरचे मीठ उडते आणि अॅल्युमिनिअम व लोखंड यांच्या जोडात ते शिरले की अॅल्युमिनिअमची पांढरी भुकटी होऊ लागते.

ट्रॅकविषयी एकच गोष्ट सांगतो, कारण तिथे पुष्कळ लोक फसतात. 136 आणि 137 इंच हे एका इंचाच्या फरकाचे ट्रॅक दिसत असले तरी सहसा 136 चा पिच (ट्रॅकवरच्या लागोपाठच्या दोन खाचांमधले अंतर) 2.52 इंच आणि 137 चा 2.86 इंच असतो. चोपन्न वेळा 2.52 म्हणजे 136 आणि अठ्ठेचाळीस वेळा 2.86 म्हणजे 137, असा तो हिशेब आहे. आपला 121 चा ट्रॅक 2.52 पिचचा असेल, तर 136 जुन्या ड्रायव्हरवर (ट्रॅक फिरवणाऱ्या दातेरी चाकांवर) चालेल, पण कोणी स्वस्तात दिला म्हणून 137 उचलला तर ड्रायव्हर बदलावे लागतील. 2.52 चे नऊ दातांचे आणि 2.86 चे आठ दातांचे ड्रायव्हर घेराने जवळजवळ सारखेच असतात, त्यामुळे डोळ्यांनी पाहून फरक कळत नाही. पिच मोजूनच खात्री करावी. शिवाय उंच लगचा (बर्फात रुतणाऱ्या रबरी दातांचा) ट्रॅक घेण्याचा विचार असेल तर टनेलच्या पुढच्या भागातील हीट एक्स्चेंजर (इंजिनाचे पाणी थंड करणारा भाग) आणि लगची टोके यांत अंतर किती उरते ते आधी तपासावे. ते अपुरे असेल तर कमी दातांचे ड्रायव्हर घ्यावे लागतात आणि मग गिअरिंगही पुन्हा बसवावे लागते.

आपण विचारले नव्हते तरी सायलेन्सरबद्दल लिहितो. बाजारातला हलका सायलेन्सर लावून काही किलो वजन वाचते, हे खरे. परंतु अमेरिकेतील मिशिगनसारख्या राज्यात उभ्या गाडीच्या चाचणीत 13.1 फुटांवर 88 डेसिबलची मर्यादा आहे आणि मोकळे सायलेन्सर ती सहज ओलांडतात. दंड एकट्याचा होतो, पण खासगी जमिनीवरून जाणारी वाट त्या आवाजाला कंटाळून मालकाने बंद केली की ती सगळ्यांचीच जाते. शिवाय कार्ब्युरेटर असलेल्या टू-स्ट्रोक इंजिनात जेट (इंधनाचे प्रमाण ठरवणारा बारीक भोकाचा भाग) न बदलता सायलेन्सर बदलला, तर कडक थंडीतल्या दाट हवेत मिश्रण आणखी पातळ (हवा जास्त, इंधन कमी) होऊन पिस्टन निकामी होण्याचा धोका असतो.

आता कृपया टनेलचा उजवा भाग स्वच्छ पुसून त्याचा फोटो काढा, क्रमांकापासून पहिल्या तड्यापर्यंतचे अंतर मोजा आणि ड्रायव्हरच्या दातांची संख्या कळवा. तेवढे समजले की कुठे कापावे आणि पट्टी किती लांब घ्यावी हे मी नेमके सांगू शकेन. तोवर करवतीला हात लावू नये.